तेलातले पाणी खारे की गोडे

माझ्या मेहुण्याच्या बोटीच्या इंजिनातले तेल दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दुधाळ झाले, आणि ते का झाले हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. आले असे म्हणणे पूर्ण खरे नाही. मी ते मागून घेतले.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. यंत्रांतून काढलेल्या वंगणतेलाचे नमुने तपासायचे, त्यांत पाणी किती, धातूचा कीस किती, आम्ल किती, ते लिहून द्यायचे, हे माझे काम. तीस वर्षे होत आली. राहायला पालघरला आहे. मूळ गाव मनोरच्या बाजूचे, डोंगराच्या पायथ्याचे. सासुरवाडी मात्र दांडीची, समुद्राला लागलेली. त्यामुळे सासुरवाडीत माझा उपयोग असा कधी कोणाला झाला नाही. मला मासा निवडता येत नाही, भरती-ओहोटीच्या वेळा पंचांग पाहिल्याशिवाय कळत नाहीत, बोटीवर चढताना कोणीतरी हात द्यावा लागतो. अशा जावयाचे जे कौतुक होई ते ताटात वाढलेल्या तुकड्यांपुरते. मी ते हसत घेत असे. ते मनाला लागत होते, हे मला त्या पावसाळ्यात कळले.

मासेमारीची बंदी उठायला पंधरा-सोळा दिवस उरले होते. मेहुण्याची बोट बंदीच्या काळात खाडीत उभी असते. ओहोटीला खाडीचे पाणी निघून गेले की ती चिखलावर टेकते आणि एका कुशीवर कलते. भरती आली की पुन्हा सरळ होते. दिवसातून दोनदा हे चालते. हंगाम सुरू व्हायच्या आधी इंजिन चालवून पाहावे म्हणून मेहुण्याने तेलाची पट्टी बाहेर काढली, तर पातळी खुणेच्या वर आणि रंग चहासारखा. त्याने वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, तव्यावर दोन थेंब टाकले. मोहरीसारखे तडतडले.

त्याने फोनवर सांगितले, "भावजी, मशिनीच्या तेलात पाणी हाय. आता हेड खोलायचं का काय करायचं?"

मी म्हणालो, "थांब. हेड खोलू नकोस. आधी तेल माझ्याकडे पाठव. पाणी खारे आहे की गोडे, ते मी सांगतो. मग कुठून आले ते आपोआप कळेल."

हे मी बरोबरच सांगितले होते, आणि म्हणून पुढचे अधिक सलते. त्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी वापरत नाहीत. विहिरीचे गोडे पाणी एका टाकीतून इंजिनभर फिरते, बोटीच्या तळाशी बाहेरून बसवलेल्या नळीतून जाऊन थंड होते आणि परत येते. म्हणजे तेलात गोडे पाणी सापडले तर ते इंजिनाच्या पोटातलेच. बहुधा हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटलेले. खारे सापडले तर ते बाहेरून आलेले, आणि बाहेरून यायला एकच मोठा रस्ता आहे: धुराचा पाइप. कललेल्या बोटीत त्या पाइपाचे तोंड खाली जाते, भरतीचे पाणी चढू लागते, आणि बोट सरळ होण्याआधी ते आत शिरू शकते. म्हणून बंदीच्या दिवसांत त्या तोंडात लाकडी बूच ठोकतात. जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळून ते घट्ट बसवायचे, आणि ते काम बोटीच्या ड्रायव्हरचे. बोट हाकणारा तांडेल, आणि इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर, अशी ती वाटणी. मेहुण्याच्या बोटीवर तांडेल तो स्वतः. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, त्याच गावातला माणूस. वीस वर्षांहून अधिक काळ त्याच एका इंजिनाशी बांधलेला.

तेव्हा गोडे पाणी म्हणजे झीज, आणि खारे पाणी म्हणजे ड्रायव्हरची हयगय. इतके ते सरळ होते. तेल तपासायला मागताना मी हे मेहुण्याला समजावूनही सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकावर पाण्याची एक रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली देऊन गेला. तीत पाऊण बाटली तेल होते. आमच्या प्रयोगशाळेत कोणताही नमुना आला की त्यासोबत एक चिठ्ठी असावी लागते: नमुना कोणी काढला, यंत्र चालू असताना की बंद, भांडे कसले, ते कशाने धुतले आणि सुकवले का. चिठ्ठी नसलेला नमुना मी परत पाठवतो. माझ्या हाताखालच्या दोघांना या एका गोष्टीवरून मी जेवढे बोललो आहे तेवढे दुसऱ्या कशावरून बोललो नसेन. मेहुण्याला मी यांतले काहीही विचारले नाही. घरचा माणूस, घरचे तेल. शिवाय त्याने "साहेब" म्हणून फाटकावरच्या रखवालदारासमोर माझी ओळख सांगितली होती, आणि मी त्याच सुखात बाटली घेऊन आत गेलो.

जेवणाच्या सुट्टीत मी तपासणी केली. तेल शुद्ध पाण्याबरोबर हलवायचे, पाणी निथळू द्यायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडायचे. मीठ असेल तर दही पडल्यासारखे पांढरे उमटते. उमटले. मग मी मोजमाप केले, आणि तिथे हात थांबला. तेलात जेवढे पाणी होते ते सगळे समुद्राचे असते, तर मीठ जेवढे निघायला हवे त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा निघाले होते.

हा आकडा बसत नव्हता. मी तो पुन्हा काढला, तोच आला. कारखान्यातला नमुना असता तर मी निकालावर "पुन्हा नमुना मागवा" असे लिहिले असते. त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहिले. पाऊस पडत होता. मनाशी म्हणालो, पावसाळा आहे, खाडीला वरून गोडे पाणी येत असणार, खारटपणा उतरला असणार. खाडीचे पाणी खरोखर किती खारे आहे ते मोजायला मला एक पेलाभर पाणी मागवावे लागले असते, बस एवढेच. पण त्यात एक दिवस गेला असता, आणि मी रविवारी दांडीला येतो असे कळवून बसलो होतो.

त्या रविवारी जाळी विणण्याच्या मांडवात आठ-दहा माणसे बसली होती. पुरुष जाळ्याला शिसे बांधत होते, बायका फाटके भाग जोडत होत्या. मेहुणा मला घेऊन आत आला तेव्हा मला बसायला खुर्ची दिली गेली. त्या मांडवात ती एकच होती. ड्रायव्हर एका खांबाला टेकून उभे होते. त्यांच्याकडे पाहून मी जरा नजर वळवली, हे आठवते.

"बोला भावजी," मेहुणा म्हणाला. "काय निघालं?"

"खारे," मी म्हणालो. "धुराच्या पाइपातून आले आहे."

मग मेहुण्याने ड्रायव्हरकडे मान वळवली.

"बूच मारला होता," ड्रायव्हर म्हणाले.

"मारला होता तर पाणी काय उडून आलं?"

"मारला होता. जाळं गुंडाळून मारला होता. आजपन हाय तिथं."

"आज हाय. तवा होता का?"

जाळ्यावर वाकलेला एकजण मान वर न करता म्हणाला, "अरे, ह्याला सवय कुठं बूच लावायची? ह्याला काढायची सवय!" आणि सगळे हसले. ड्रायव्हरांनी दारू सोडून सात-आठ वर्षे झाली होती, हे हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते. मलाही होते. मीही थोडासा हसलो.

ड्रायव्हर माझ्याकडे वळले. "भावजी, पक्कं?"

मी त्या वेळी काय म्हणालो ते मी विसरू इच्छितो आणि विसरू शकत नाही. मी म्हणालो, "तपासणी खोटे बोलत नाही, दादा."

माझा आवाज मुळातच खाली असतो. आयुष्यभर लोकांनी मला सौम्य म्हटले आहे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाने घाईत किंवा फुशारकीत काही सांगितले असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. त्या दिवशी ती कोणालाही आली नाही. ड्रायव्हर बोटीवर गेले, आपली पान्यांची पेटी घेऊन उतरले आणि चिखलातून घराच्या दिशेने निघाले. मेहुण्याने त्यांना थांबवले नाही. "डायवर बोटीवर राखायचा तो भरवशाला," एवढेच तो म्हणाला. "मध्ये दर्यात मशीन बसली तर माझी पाच मानसं कुनाच्या तोंडाकडं बघतील?"

जेवताना वहिनींनी मला बोई माशाचे सगळ्यांत मोठे दोन तुकडे वाढले. मी ते खाल्ले.

त्यानंतरच्या आठवड्यात मला नेमके काय होत होते ते सांगणे कठीण आहे. काहीही झाले नव्हते. पण बोईसरला उतरून कारखान्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो की तो चौथा हिस्सा समोर येऊन बसे. प्रयोगशाळेत एका कंप्रेसरच्या तेलावर मी दोनदा चुकीचा नमुना क्रमांक लिहिला. खाडीला गोडे पाणी येत असेल, हे वाक्य मी दिवसातून कितीदा मनात म्हणालो याची गणती नाही; आणि जे वाक्य इतक्यांदा म्हणावे लागते त्याच्यावर आपला विश्वास नसतो, एवढे मला या वयात कळायला हवे होते. मेहुण्याला फोन करून मी विचारले, कसे काय चालले आहे. तो खुशीत होता. धुराच्या पाइपाला झडप बसवून घेतली होती, जुने तेल काढून नवे भरले होते, नवा ड्रायव्हर बघून ठेवला होता. "तुमच्यामुळं हेड खोलायचं वाचलं," तो म्हणाला. मी बरे म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी पत्नीला माहेरी जायचे होते. मीही गेलो. ती आत बोलत बसली आणि मी घरामागे, खाडीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. वहिनी पाण्याच्या कडेला वाकून खोबरेल तेलाची एक रिकामी बरणी धूत होत्या. खाडीचे पाणी भरायचे, मूठभर वाळू टाकायची, खळखळायचे, ओतायचे. पुन्हा भरायचे. मग त्यांनी बरणी उलटी करून दोनदा झटकली आणि पायरीवर ठेवली.

"वहिनी, हे खाऱ्या पाण्याने का?"

"मग कशानं?" त्या हसल्या. "गोडं पाणी दिवसाआड येतं. ते प्यायाचं, का भांडी खळबळून नासायचं? आमच्याकडं सगळं पयलं खाडीवर. मग लागलंच तर घरात एक हात गोडा."

मी विचारले, "तेलाची ती बाटली? जी माझ्याकडे पाठवली?"

"तीपन. तुमच्या लॅबात न्यायाची म्हणून दोनदा धुतली, भावजी! मी ह्यांना बोलले, जावय काय बोलतील, घानेरडी बाटली पाठवली म्हणून."

"सुकवली होती का?"

"पावसात काय सुकतंय? झटकली आणि दिली."

त्या मान वर करून पाहत होत्या. आपण काही चांगले केले आणि ते कोणाच्या तरी लक्षात आले, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मी "बरे केलेत" म्हणालो.

मी त्या दिवशी गप्प राहिलो, ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिली नकळत झाली असे मी निदान म्हणू तरी शकतो. मी स्वतःला समजावले की आधी खात्री करावी. त्याच पायऱ्यांवरून भरतीच्या वेळी खाडीचे थोडे पाणी भरून घेतले, सोमवारी ते तपासले. खाडी पुरेशी खारी होती. पावसाने तिचे फार काही बिघडवले नव्हते. मग गणित मांडले. बाटलीच्या तळाशी आणि कडांना दोन छोटे चमचे खारे पाणी राहिले असेल, तर मला मिळालेले सगळे मीठ तेवढ्यातच येत होते. तेलातल्या पाण्यासाठी मीठ उरतच नव्हते. ते पाणी गोडे होते. गॅस्केट फुटले होते. बूच जागेवर होते.

सोमवारी संध्याकाळी मी हे कोणालाही सांगितले नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी पत्नीने माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून नेला, कारण तो निवून गेला होता, आणि दुसरा आणून ठेवला, तोही निवला. मग तिला मी सगळे सांगितले.

ती म्हणाली, "माझ्या दादाला वाईट वाटेल म्हणून गप्प आहात?"

"त्याने झडप बसवली आहे, नवा ड्रायव्हर—"

"मी ते विचारत नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून, की त्या खुर्चीवरून उतरावं लागेल म्हणून?"

खुर्चीचे मी तिला सांगितले नव्हते. तिला भावाकडून कळले असावे, कौतुकाने.

बुधवारी मी रजा काढली. प्रयोगशाळेतून काचेची एक कोरडी बाटली, एक नळी आणि सिल्व्हर नायट्रेटची छोटी कुपी घेतली आणि बोईसरहून दांडीची गाडी पकडली. मेहुणा बोटीवरच होता. मी चिखलात उभा राहून, खालूनच, त्याला सांगितले. त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याला वाटले मी आणखी एखादी खबरदारी सांगतो आहे. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो खाली उतरला.

"म्हंजे आता गोडं?"

"हो."

"पयलं खारं, आता गोडं. उद्या ताक निघंल." तो रागावला होता, आणि त्याचा अधिकार होता. "मानूस घालवला मी, भावजी. तुमच्या शब्दावर."

"नवे तेल पाहू या का?" मी विचारले.

नव्या तेलावर इंजिन दोन-तीन तास चालवले गेले होते. पट्टी काढली तर तिच्यावर पुन्हा तोच चहाचा रंग, जरा फिका. धुराच्या पाइपाला तर आता झडप होती. मेहुणा पट्टीकडे पाहत राहिला. मी माझ्या बाटलीत तेल काढले, नळीत शुद्ध पाण्याबरोबर हलवले, आणि आम्ही दोघे पाणी निथळायची वाट पाहत इंजिनाजवळ उकिडवे बसलो. थेंब सोडले. काहीही उमटले नाही. नळीतले पाणी स्वच्छ राहिले. मेहुण्याने नळी हातात घेऊन उजेडासमोर धरली आणि परत दिली.

"चला," तो म्हणाला. "तुमीच बोला त्याच्याशी. मी बाहेर थांबतो."

ड्रायव्हर आपल्या घराच्या ओटीवर बसून पान्यांना तेल लावून पुसत होते. मला पाहून ते उठले आणि आत पाहून "पानी आना" म्हणाले. म्हणजे मी पाहुणाच होतो. मी बसलो नाही. जे घडले होते ते त्यांना क्रमाने सांगितले, बाटलीपासून त्या चौथ्या हिश्शापर्यंत.

"मला ठावं होतं," ते शेवटी म्हणाले.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत, दादा?"

"बोललो की. बूच मारला होता, असं बोललो."

त्यांनी हातातला पाना पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि उचलली. मला वाटले होते की मनधरणी करावी लागेल. ते सरळ पायऱ्या उतरले. मेहुण्याशेजारून जाताना म्हणाले, "हेड खोलायला दोन जन लागतील. नवा पत्रा हाय का?" गॅस्केटला ते पत्रा म्हणत. मेहुणा म्हणाला, आणतो.

हेड उतरायला दुपार झाली. ड्रायव्हरांनी मला वर बोलावले, हात देऊन चढवले, आणि गॅस्केट माझ्यापुढे धरले. तिसऱ्या सिलिंडरच्या आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये बोटभर जागा जळून काळी पडली होती आणि तिथून पत्र्याची कड खाल्ली गेली होती. कोणालाही दिसले असते. पंधरवड्यापूर्वी मेहुणा हेच करायला निघाला होता, आणि मी त्याला थांबवले होते.

"हे बघा तुमचं खारं," ड्रायव्हर म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

नवे गॅस्केट बसवून ते बोल्ट आवळत असताना मेहुणा म्हणाला, "उद्यापास्नं ये बोटीवर. झालं गेलं."

"नाय जमायचं."

"आता काय पाया पडू?"

"तसं नाय रे. शिरगावच्या बोटवाल्याला हंगामाचा शब्द दिलाय. परवाच. त्यानं इचारलं, दांडीची बोट का सोडली? मी काय सांगू? बोललो, जमलं नाय. तरी त्यानं घेतला." ते पुढच्या बोल्टकडे वळले. "आता त्याचा शब्द मोडला तर लोक बोलतात ते खरंच होईल. भरवशाचा नाय म्हनून."

मी म्हणालो, "दादा, माझ्याकडून काही होण्यासारखे असेल तर सांगा."

त्यांनी पाना थांबवला. "तुमी मांडवात बोलला होता, भावजी. हितं मशिनीजवळ बोलून मला काय? मांडवात बोला."

मांडवात त्या वेळी त्या पहिल्या रविवारचीच बहुतेक माणसे होती. हंगाम तोंडावर आला होता, त्यामुळे हात भराभर चालत होते. वहिनी एका कोपऱ्यात सगळ्यांना चहा देत होत्या. खुर्ची रिकामी होती आणि कोणीतरी ती माझ्याकडे सरकवली. मी उभाच राहिलो. ड्रायव्हर आत आले आणि त्याच खांबाजवळ थांबले. हात काळे होते म्हणून त्यांनी चहा नाकारला. मेहुणा म्हणाला, "भावजींना काय सांगायचंय."

येताना मी वाक्ये मनात रचून आणली होती. ती नीट रचलेली होती, मी तसा माणूस आहे. मी म्हणालो की मागच्या वेळी दिलेला निकाल बरोबर नव्हता. नमुन्याच्या बाटलीत थोडे खारे पाणी राहून गेले होते, त्यामुळे तपासणीत मीठ आले. प्रत्यक्षात पाणी गोडे होते आणि दोष गॅस्केटचा होता.

यांतला एकही शब्द खोटा नव्हता. आणि तो बोलत असतानाच मला दिसले की मांडवातल्या दोन-तीन माना हळूहळू वहिनींकडे वळत आहेत. बाटली कोणाच्या घरची ते सगळ्यांना ठाऊक होते. वहिनींचा हात किटलीवर थांबला. "मी धुतली होती ती," त्या म्हणाल्या, कोणाकडेही न पाहता. "दोनदा." त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "अगो, खाऱ्या पान्यानं?" आणि कोणीतरी हसण्याच्या बेतात होते.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होते. मी एका माणसावरचे ओझे उतरवायला आलो होतो आणि ते उचलून दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवत होतो, तेही तितक्याच हळू आवाजात, तितक्याच सभ्यपणे. मी गप्प उभा राहिलो, आणि मला आता वाटते की आणखी थोडा वेळ गेला असता तर मी तसाच बाहेर पडलो असतो.

मांडवाच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी जाळे घेऊन बसली होती. मेहुण्याची आत्या, गावात तिच्या आवाजाला सगळे दबकून असत. ती ओरडली, "काय बोलतो जावय? बायकांवानी पुटपुटतो! हिकडं काय बी ऐकू येत नाय. मोठ्यानं बोल!"

"बाटलीचं काय तरी बोलतात, आत्ये," कोणी सांगितले.

"तू नको सांगू. त्याला तोंड हाय. काय रे जावया, चूक कुनाची ते बोल!"

मी इतक्या मोठ्याने शाळेत कविता म्हणतानासुद्धा बोललो नसेन. आवाज फाटला. मी म्हणालो, चूक माझी. बाटली कशी धुतली ते विचारणे माझे काम होते, ते मी विचारले नाही. ज्याने बाटली धुतली त्याचा त्यात काही दोष नाही. खाडीवर राहणारा कोणीही तशीच धुवेल. तपासणीत मीठ कमी निघाले होते, हिशोब लागत नव्हता, ते मला तेव्हाच दिसले होते. ते मी लपवले, कारण मला इथे येऊन खुर्चीवर बसून निकाल सांगायचा होता. आणि खरे काय ते रविवारीच कळले होते, तरी तीन दिवस मी गप्प राहिलो. ड्रायव्हरदादांनी बूच मारला होता. ते पहिल्यापासून तेच सांगत होते.

ज्याने मागच्या वेळी बुचावरून विनोद केला होता तो शिसे बांधत राहिला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. वहिनींनी किटली खाली ठेवली आणि पदराने हात पुसले.

"हां," म्हातारी म्हणाली. "असं बोलायचं." आणि ती पुन्हा जाळ्यावर वाकली.

ड्रायव्हरांनी पेटी उचलली. दाराशी ते मेहुण्यापाशी थांबले. "तीन तास मशीन चालव, मग थंड होऊ दे, आनि बोल्ट परत एकदा आवळ. मधल्यापास्नं बाहेरच्याकडं, मागच्या वेळसारखे. नवीन डायवरला हे सांगायला विसरू नको, नायतर पत्रा परत जळेल." मेहुणा म्हणाला, "तूच ये ना त्या दिवशी." ते म्हणाले, "शिरगावास्नं सुटलो तर बघतो," आणि गाडी चुकेल म्हणून घाईने निघाले.

ते त्या दिवशी आले नाहीत. बोल्ट नव्या ड्रायव्हरनेच आवळले. दोन हंगाम झाले. इंजिन नीट चालते आहे, आणि ड्रायव्हर अजून शिरगावच्याच बोटीवर आहेत. मागच्या पावसाळ्यात मेहुण्याने त्यांना पुन्हा विचारले होते. त्यांनी नाही म्हटले, आणि कारण सांगितले नाही.